स्वयंपाकघरासकट व्हिला

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, हलकंफुलकं लिहा. परदेशातल्या गमती, गिऱ्हाइकांचे किस्से. दिवाळीत लोकांना हसायला आवडतं." मी हो म्हटलं. पण कागद पुढे ओढला आणि हसू येईना. इतकी वर्षं चंद्रपुरात बसून लोकांना जगभर पाठवलं, आणि आता मागं वळून पाहते तर सगळ्यांत आधी राग येतो. तेव्हा रागातच लिहिते. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल पान उलटावं, पुढं व्यंगचित्रं असतीलच.

मी मूळची ब्रह्मपुरीची. लग्न होऊन चंद्रपूरला आले, खाजगी बसची तिकिटं विकता विकता यात्रांच्या गाड्या काढायला लागले, मग विमानाची तिकिटं, मग परदेशी सहली. शेवटची काही वर्षं जास्त करून व्हिलाचं काम केलं. दोन महिन्यांपूर्वी दुकान भाच्याच्या हवाली केलं.

व्हिला म्हणजे काय, ते आधी सांगते. परदेशातलं एक अख्खं घर आठवडाभर भाड्यानं घ्यायचं. चार-पाच खोल्या, अंगण, बहुतेक ठिकाणी पोहायचा हौद. किल्ली आपल्या हातात. खाली स्वागताला कोणी नाही, चहा आणून देणारा नाही, चादर बदलणारा नाही. ऐकायला झकास वाटतं. आमच्याकडची मोठी कुटुंबं याच्यावर फार खूश. सगळे एका छपराखाली, कोणाची कटकट नाही.

यात घर शोधणं सोपं असतं. अवघड असतं ते प्रदेश ठरवणं. लोक येतात आणि देशाचं नाव घेतात. अहो, देशात काय राहायचं असतं का? एकाच देशात एका कोपऱ्यात समुद्र असतो, दुसऱ्या कोपऱ्यात दुधाला सात मैल जावं लागतं. माजरीकडचा एक कोळशाचा ठेकेदार होता. त्याला फ्रान्सच हवं होतं, आणि स्वस्तातलं मोठं घर हवं होतं. मी पाचदा समजावलं की असं घर खेड्यात मिळेल, तिथं काही नसेल. "चालते नं," म्हणाला. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन. "मॅडम, इथी झाडं हायेत अन् गाई हायेत. बाकी कोनी मानूसच दिसून नाई राह्यला. हे पाहाले मले इथवर आनलं काय? हे तं आपल्या मूल गावच्या रस्त्यानं रोज दिसते!" म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला काही प्रश्न विचारायचे. पायऱ्या कोणाला चढवत नाहीत? गाडी कोण चालवणार? सकाळी सगळ्यांच्या आधी कोण उठतं? स्वयंपाक कोण करणार?

शेवटच्या प्रश्नाला पुरुष हसायचे. दरवेळी. तो हसण्याचा आवाज माझ्या कानात बसलाय.

वडशाचे रामदासभाऊ असेच हसले. भाताची गिरणी, पंचक्रोशीत नाव, माणूस तसा वाईट नाही. कोणाच्या आजारपणाला धावून जाणारा. दोघं भाऊ एकत्र राहत होते. त्यांच्या आईला पंचाहत्तरावं लागलं होतं आणि त्यानिमित्त सगळं घर इटलीला न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. नागपूरचा साडू टस्कनी नावाच्या भागात जाऊन आला होता आणि त्याचे फोटो रामदासभाऊंच्या मोबाइलमध्ये होते. टेकडीवर दगडी घर, दोन्ही बाजूंना उंच सरूची झाडं, मधून पांढरा मातीचा रस्ता.

"हे घर, नाई तं याच्यासारखं," ते म्हणाले.

मी माझे प्रश्न सुरू केले. स्वयंपाकाला आले तेव्हा ते हसले. "घरच्या बाया हायेत नं मॅडम! म्हनून तं व्हिला पाह्यजे. हॉटेलात मायले जमत नाई. तिले बाहेरचं चालत नाई."

मी सांगितलं की टस्कनीतल्या त्या टेकड्यांवर दुकान लांब असतं, दुपारी बंद असतं, भाजी आणायची तर गाडी काढावी लागते. त्यापेक्षा बालीतल्या आतल्या भागात जा, श्रीलंकेत चहाच्या डोंगरात जा. तिथं घराबरोबर स्वयंपाकी असतो, तो म्हणाल तसं करून वाढतो. बालीला तर चारी बाजूंनी भाताची शेतं आहेत, पाहायला छान.

"धान पाहाले समुद्र ओलांडून जाऊ काय? घराच्या मांगं धानच हाय. अन् रांधनाऱ्याले पैसे देऊन काय करू? वनिता हाय, धाकटी हाय."

वनिता म्हणजे त्यांची बायको. ती त्या वेळी माझ्यासमोर नव्हती. अशा वेळी त्या कधीच समोर नसतात. व्हिला ठरवायला पुरुष येतात, आणि ज्यांनी त्या घरात राबायचं त्या वडशाला, मूलला, गडचिरोलीला आपापल्या ओट्यापाशी उभ्या असतात.

मी म्हटलं, "मी एकदा आईंना भेटते. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला भेटल्याशिवाय मी प्रदेश ठरवत नाही." हे खरं होतं, आणि रामदासभाऊंना ते मानाचं वाटलं. "या नं, जेवाले या," म्हणाले.

थंडीचे दिवस होते. चंद्रपूरच्या चांदाफोर्ट स्टेशनातून गाडीत बसले. वडसा स्टेशनाबाहेर नाटकाच्या जाहिरातींनी भिंती भरल्या होत्या, नाटकांच्या हंगामात तिथं दुसरं काही दिसतच नाही. गिरणीच्या मागं घर. हवेत कोंड्याचा वास. माय अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसली होती. बारीक अंगाची, कपाळावर गोंदण, डोळे एकदम तल्लख. रामदासभाऊ गिरणीत गेले होते. वनिताबाईंनी पाणी आणून दिलं आणि त्या आत गेल्या. चाळिशी ओलांडलेली बाई, पदर खोचलेला, बोटांना हळद.

मी मायला विचारलं, "तुम्हाला बाहेरचं खाणं चालत नाही म्हणतात. पथ्य आहे का काही?"

"कोन म्हनते?"

"रामदासभाऊ."

माय हसली. "मले काऊन नाई चालत? मी नदीकाठची हाव बाई. मासोळी खातो, झिंगे खातो, जत्रेत भजे खातो. एकडाव हैजा झालता, तवा डॉक्टरनं महिनाभर बाहेरचं बंद केलतं. रामदास तवा लहान होता. त्याच्या डोक्यात तेच बसलं."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"मले कोनी इचारलंच नाई." मग स्वयंपाकघराकडं एकदा पाहून ती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू? वळखीच्या हातचं खाऊन खाऊन जलम गेला. कोन्या अनोळखी मानसानं रांधून वाढलं तं कसं लागते, ते पाहाचं हाय मले."

मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

जेवण झाल्यावर मी हात धुवायला मागच्या दारी गेले. वनिताबाई टॉवेल घेऊन आल्या. इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? गॅस नसलेला व्हिला मिळते का?"

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"मागच्या साली महाबळेश्वरले गेलो होतो. बंगला घेतला होता. सगळे पाइंट पाहून आले. मी एक पाइंट पाह्यला, तोही गाडीतून, येताना." त्यांनी टॉवेलची घडी घातली. "घरी निदान भांडेवाली येते. तिथी तेही माह्याकडंच."

संध्याकाळी रामदासभाऊ आले. सगळे अंगणात बसले, धाकटा भाऊ, मुलं. वनिताबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या. मी ठरवूनच आले होते, म्हणून सरळ बोलले. "भाऊ, आईंना बाहेरचं सगळं चालतं. त्यांनीच मला सांगितलं. तेव्हा स्वयंपाकी असलेला प्रदेश पाहू. श्रीलंका मला सगळ्यांत बरी वाटते."

रामदासभाऊंचा चेहरा उतरला. मला नाही, मायला विचारलं. "काय व माय? तू असं म्हनली?"

मायनं मुलाकडं पाहिलं. सुनेकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. "नाई बा," म्हणाली. "मी काई नाई म्हनली."

वनिताबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि त्या आत गेल्या.

"मॅडम," रामदासभाऊ म्हणाले, आवाज न चढवता, "तुम्ही तिकिटं काढा. आमच्या घरात कोनी काय खावं ते आमी पाहू."

परतीच्या गाडीत मी इतकी चिडले होते की शेजारची बाई सरकून बसली. मुलावर चिडले होतेच, पण जास्त चिडले होते मायवर. दुपारी एवढं मोकळं बोललेली बाई, मुलानं नुसतं पाहिलं आणि गप्प. नागभीड येईपर्यंत मी मनातल्या मनात तिला काय काय सुनावलं. घरी गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझं काय जातं? त्यांचं घर, त्यांची बायको." मग त्यालाही सुनावलं.

ते काम माझ्याकडून गेलं. नागपूरच्या कुठल्या तरी एजंटानं त्यांना टस्कनीतलं तसलंच घर मिळवून दिलं आणि उन्हाळ्यात सगळे जाऊन आले.

दिवाळीनंतर एका सकाळी रामदासभाऊ माझ्या दुकानाचा जिना चढून आले. मनात काही धरून ठेवणारा माणूस नाही तो, हसत हसत बसला. मोबाइल काढला आणि फोटो दाखवायला लागला. हौदात पोरं. सरूच्या झाडांमध्ये दोघं भाऊ, गॉगल लावून. तिरप्या मनोऱ्याला हात लावल्यासारखं करून सगळे उभे. माय एका चौकात कारंज्याच्या कठड्यावर. मी फोटो पाहत गेले. पाहता पाहता माझं डोकं तापायला लागलं.

"वनिताबाई कुठं आहेत?" मी विचारलं.

"आं?"

"तुमच्या मिसेस. एकाही फोटोत दिसत नाहीत."

त्यांनी मोबाइल आपल्याकडं वळवला, बोटानं चार-सहा फोटो मागं पुढं केले. लपवत होते असं नाही. त्यांना खरंच आठवत नव्हतं. "स्वयंपाकात असन," म्हणाले. आणि लगेच पुढं, "तेच सांगाले आलो मॅडम. यंदा व्हिला पाह्यजे, पन रांधनारा असलेला. माहा अनुभव सांगतो तुमाले, रांधनारा नसन तं व्हिलात काई मजा नाई."

माहा अनुभव! मी टेबलाची कड धरली.

"भाऊ," मी म्हटलं, "वनिताबाईंना घेऊन या. कुठं जायचं ते त्या सांगतील. त्या येईपर्यंत मी तुमचं काम हातात घेणार नाही."

"ती काय सांगनार? तिले काय समजते त्यातलं?"

"तुम्हाला समजत होतं, म्हणून टस्कनीला गेलात."

ते उठले. या वेळी हसले नाहीत. जिन्यावरून त्यांचे पाय जोरात वाजत गेले. मला वाटलं, हे गिऱ्हाईक आता कायमचं गेलं. बरं झालं असंही वाटलं. असल्या माणसांना खुर्ची देऊन, पाणी देऊन, गोड बोलून मी जन्म काढला. किती व्हिला भरले आणि किती बायका जगाच्या पाठीवर नेऊन पुन्हा ओट्यापाशी उभ्या केल्या!

काही दिवसांनी ते परत आले. मागं वनिताबाई होत्या. त्यांना माझ्या समोरच्या खुर्चीत बसायचा संकोच वाटत होता, त्या भिंतीकडच्या बाकावर बसायला निघाल्या. मी हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. रामदासभाऊंचा फोन वाजला, गिरणीतलं काही काम होतं. ते बोलत बोलत बाहेरच्या गॅलरीत गेले.

"कसं काय तयार झाले?" मी विचारलं.

"मायनं धाडलं. म्हणाली, त्याच बाईकडं जा. नाई तं मी कुठीच येत नाई, अन् तुमीही कोनी जाऊ नका." बोलताना त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. तळव्यावर भाजल्याचा जुना गुलाबी डाग होता. मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

"काचेची शेगडी होती तिथी. सपाट. आग दिसतच नाई. बंद केली म्हणून पुसाले गेली, तं अजून गरमच."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. इथून पिठाची, तांदळाची, तिखटाची पोती भरावी तशा बॅगा भरून नेल्या होत्या. गाडी एकच होती, त्यात सगळे मावत नव्हते, म्हणून रोज कोणीतरी मागं राहायचं. धाकट्या जावेचं बाळ लहान होतं, ती कधी गाडीत, कधी घरी. वनिताबाई रोज घरी. सकाळी नाश्ता, बरोबर न्यायला पोळ्या, रात्री सगळे आले की गरम भात. हात भाजला त्या दिवशीही पोळ्या केल्या, एका हातानं लाटून.

"दुसऱ्या दिवशी माय स्वयंपाकघरात आली. माह्या हाताकडं पाह्यलं. रात्री सगळे जेवाले बसले तं तिनं ताट सरकवलं. म्हणाली, मी नाई खात. यांना वाटलं तब्येत बिघडली. सकाळीही नाई खाल्लं. दुपारीही नाई. हे घाबरले. डॉक्टर आनतो म्हणाले. तवा माय सगळ्यांच्या समोर म्हणाली, 'माह्या नावानं हिले जाळून राह्यले नं तुमी? मायले बाहेरचं चालत नाई म्हनून? तं आजपासून मले घरचं चालत नाई. बाहेर न्या, तिथी खातो. नाई तं इथीच मरतो.'"

गाडीत बसून त्या म्हातारीला मी जे जे सुनावलं होतं, ते सगळं मला आठवलं.

"मग?"

"मग काय, नेलं. दोन फेऱ्या करून सगळ्यांनाच नेलं. खाली गावात एक खानावळ होती. मी पहिल्यांदा त्या गाडीत बसली." वनिताबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तिथल्या बाईनं पोकळ नळ्यांसारखं काहीतरी वाढलं. मायनं उचलून पाह्यलं अन् म्हणाली, 'हे तं सरगुंडे व!' आपण लग्नात कणकेचे काडीवर वळून करतो नं, तसेच. 'आंब्याचा रस आन म्हना तिले,' म्हणाली. ती बाई बिचारी टमाट्याचा घेऊन आली. मायनं दोन ताटं खाल्ली."

"मग बाकीचे दिवस?"

"दोनच दिवस उरले होते, मॅडम. त्यातला एक सामान भरण्यात गेला."

गॅलरीतून रामदासभाऊंचं मोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं. कोंड्याच्या भावाबद्दल. मी नकाशा उघडला. म्हटलं, "वनिताबाई, तुम्हाला कसं ठिकाण हवं? समुद्र? डोंगर? बाजार जवळ?"

त्या बराच वेळ नकाशाकडं पाहत राहिल्या. शहाण्या, बारावीपर्यंत शिकलेल्या, घराचा सगळा कारभार डोक्यात ठेवणाऱ्या बाईला स्वतःला काय हवं ते पटकन सांगता येईना. शेवटी म्हणाल्या, "सकाळी डोळे उघडले की 'आज भाजी कोणती करू' हे पहिले डोक्यात येते. ते जिथी येणार नाई, असं कुठी असन तं पाहा."

असं ठिकाण मी तोवर कधीच शोधलं नव्हतं. मी श्रीलंकेचे डोंगर काढले. समुद्राकडचा भाग मुद्दाम टाळला. तिथली घरं दिसायला छान, पण स्वयंपाकी पाहिजे तर वेगळा सांगावा लागतो, आणि वेगळा सांगायचा म्हटलं की घरातला कोणीतरी 'कशाला' म्हणतो. वर चहाच्या मळ्यांत जुने बंगले आहेत. तिथं स्वयंपाकी बंगल्याबरोबरच येतो, स्वयंपाकघर मुख्य घरापासून जरा बाजूला, आणि पाहुण्यांनी तिथं जायचं नाही असा तिथला नियम. हा नियम मी रामदासभाऊंना दोनदा वाचून दाखवला. ते म्हणाले, "ठीक हाय नं, तिनं पसंत केलं नं." जसं काही दरवेळी तीच पसंत करत आली होती.

जानेवारीत ते गेले. माय नाही गेली. "माहं पाहून झालं," म्हणाली.

तिथं पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर वनिताबाईंचा आवाज आला, बोलून पाठवलेला निरोप. मागं पाखरांचा कलकलाट होता. त्या म्हणत होत्या, "मॅडम, मी लवकर उठली. सवयीनं स्वयंपाकघराकडं गेली. तिथल्या दादानं हात जोडले अन् बाहेरच्या खुर्चीकडं बोट दाखवलं. मी म्हटलं भाजी तं चिरून देतो. तो नाईच म्हणाला. मग बाहेर येऊन बसली. बसून काय करावं ते समजेच ना. दोन डाव उठली, दोन डाव बसली. मग त्यानं चहा आणून हातात देला. घरी सगळ्यांना देऊन मग मी पिते नं, तं मले वाटलं तसाच कोमट असन. मोठा घोट घेतला. जीभ पोळली, मॅडम! लय गरम होता!"

आणि त्या हसत होत्या. खूप वेळ हसत होत्या, पोरीसारख्या.

मी तो निरोप पुन्हा ऐकला. मला हसू आलं नाही.